न्हाणीतला तांबूस गोटा

आमच्या गावच्या मातीत दगड नाही. कोंढ्याच्या बाजूने वैनगंगेकडे उतरत गेलं की सगळी धानाची जमीन लागते, काळी-करडी आणि चिकट. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नांगर चालतो तेव्हा त्याला कधी ठेच लागत नाही. कुत्र्याला हाकलायचं असलं तर माणसं ढेकूळ उचलतात. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. खडकांचे प्रकार शिकवायची वेळ आली की नमुने मला बाहेरगावाहून आणावे लागत.

दगड नाही म्हणूनच ती गोष्ट घडली.

माझी पत्नी गेली तेव्हा तिला गावाच्या वरच्या अंगाला एका पडीक जमिनीत नेलं. पूर्वी नदीवर दगडी घाट होता, तिथेच सगळं होत असे. आता तो घाट धरणाच्या फुगवट्याखाली आहे. घाटावर गोटे पायाखाली असायचे. नवीन जागी नुसता चिखल, म्हणून लोक लाकडं, मडकं, तांदूळ यांच्याबरोबर एक गोटाही घरून नेतात. तो कशाला लागतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. नवऱ्याने किंवा मुलाने पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं आणि मागून दुसऱ्याने गोट्याने मडक्याला छिद्र पाडायचं. तोच गोटा पुढे जीवखडा होतो. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्यात राहतो असं मानतात. घरी त्याच्यापुढे दिवा लावतात आणि दहाव्याला त्याला नदीत सोडतात.

घरून निघताना गोटा कोणाच्याच लक्षात आला नव्हता. माझा पुतण्या अर्ध्या वाटेवरून धावत परत गेला आणि दिसला तो गोटा घेऊन आला. मी मडकं घेऊन फिरलो. गार पाणी पाठीवर उतरत होतं. मागे पाहायचं नसतं, म्हणून मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यात तेल घालताना गोट्यावरचा पांढरा कपडा जरा सरकला. खाली तांबूस रंग दिसला. मी कपडा पूर्ण बाजूला केला. एक अंग गुळगुळीत, दुसरं फुटलेलं आणि खरबरीत. तो तिचा टाचा घासायचा गोटा होता, न्हाणीत बादलीच्या मागे असायचा तो. आमच्या घरातला तेवढा एकच गोटा. स्वीडनच्या समुद्रातल्या एका बेटावरून तिने तो आणला होता.

दहाव्या दिवशी तो वैनगंगेत सोडायचा होता, आणि मला तो सोडायचा नव्हता.

आमची मुलगी तिकडे नोकरी करते. पत्नीची फुप्फुसं आजारी पडण्याच्या आधी एका उन्हाळ्यात मुलीने आम्हा दोघांना बोलावून घेतलं होतं. तिकडचा उन्हाळा म्हणजे आमच्या पौष महिन्यातली दुपार. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही जे वर्गात शिकवलंत ते एकदा डोळ्यांनी पाहा. मग आम्ही तिघं एका लहान बोटीने त्या बेटावर गेलो. पत्नीने नऊवारीवर मुलीचं जाड जाकीट घातलं होतं आणि डोक्याला गमछा बांधला होता.

बेट लांबून पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, की त्याच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या आहेत. वायव्येकडची बाजू हळूहळू चढत गेलेली, हात फिरवावा इतकी मऊ. आग्नेयेकडची तुटलेली, धारदार, ठिकठिकाणी खडक निखळलेला. हे मी फळ्यावर कितीदा काढलं होतं. त्या मुलखावर एके काळी बर्फ होता, डोंगरांवर डोंगर रचावेत इतका जाड. तो सरकत आला. चढताना त्याने खडक घासला आणि उतरताना उपटला. एका बाजूला तासलेल्या समांतर रेघा अजून होत्या. मी गुडघ्यावर बसून त्यांत बोट घातलं. पत्नी म्हणाली, “उठा जी, लोकं पाहून राहिले. देवापुढं बसल्यावानी काय बसता?”

लोकं म्हणजे दोन समुद्रपक्षी होते.

थोडं वर चढलं की झाडी लागे, देवदाराच्या जातीची, आणि खाली निळ्या बोरांची झुडपं. त्या झाडीतच अचानक गोट्यांचं मैदान आलं. सगळे गोटे नदीतल्यासारखे वाटोळे, आणि समुद्र तर केवढा तरी खाली. ते गोटे पट्ट्यापट्ट्यांनी, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेले होते.

“ह्या तं बांध्याच होत,” पत्नी म्हणाली. “एकीच्या खाली एक. फक्त धान नाई.”

तिने बरोबर ओळखलं होतं. प्रत्येक पायरी हा एके काळचा किनारा होता. बर्फाच्या भाराने ती सगळी जमीन खाली दबली होती. बर्फ वितळला, भार उतरला, पण दबलेली जमीन एकदम वर आली नाही. ती हळूहळू वर येऊ लागली आणि हजारो वर्षं झाली तरी अजून येतेच आहे, वर्षाला बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. पाणी जिथे लाटा मारत होतं ती जागा वर उचलली जाते, पाणी खाली राहतं, मग ते तिथे नवीन गोटे घासत बसतं.

गोट्यांवर करड्या, काळ्या, पिवळट खपल्या होत्या. पत्नी वाकली आणि ओरडली, “अवो, हे तं दगडफूल होय! मसाल्याचं! अन् हे लोकं असंच पडू देऊन राहिले?”

मुलगी घाबरली. “आई, खरवडू नको. ते वाढायला फार वर्षं लागतात.”

“चिमूटभर घेतो न. मटनात टाकून पाहू.”

मी तिला सांगितलं, ही जात वेगळी आहे, मसाल्याची नाही. ती म्हणाली, “तुमी खाऊन पाहिली का?” शेवटी मुलीने तिला कबूल करून घेतलं, की वरच्या गोट्यांना हात लावायचा नाही, न्यायचाच असेल तर अगदी पाण्याजवळचा एखादा घ्यायचा, मोठ्या गोट्यापासून नुकताच फुटलेला.

त्याआधी एक अजस्र धोंडा पाहिला. उघड्या खडकावर तो एकटाच बसला होता, वेगळ्या रंगाचा, खालच्या खडकाशी काही नातं नसलेला. पत्नीने त्याच्याभोवती फेरी घातली.

“एवढा मोठा गोटा इथं कोनं आनून ठेवला?”

“बर्फानं, आई. लांबून वाहून आणला आणि वितळताना इथंच सोडला.”

“मंग वापस न्याले नाई आला?”

मुलगी आणि मी तिथेच हसत बसलो. पत्नी मात्र धोंड्यावर हात ठेवून जराशी गंभीर उभी होती, जणू तो परक्या गावी दिलेली पोर आहे.

खाली कोळ्यांची जुनी वस्ती होती. पूर्वी शहराकडचे कोळी उन्हाळ्यात बायकापोरांसह इथे येत, मासे खारवत आणि हिवाळ्याआधी परत जात. त्यांनी बांधलेलं एक लाकडी चर्च होतं, आत छताला जहाजाची लहानशी प्रतिकृती टांगलेली. बाहेर गवतात गोटे मांडून एक चक्रव्यूह केलेला होता. समुद्रावर जाण्याआधी कोळी त्यात फिरून यायचे, म्हणजे वाईट वारा आत अडकून राहतो. पत्नी पदर खोचून पूर्ण चक्रव्यूह चालून आली. विचारलं तर म्हणाली, “परतीचं विमान हाय न आपलं.”

होड्या ठेवायच्या जुन्या लाकडी झोपड्या गवतात उभ्या होत्या. त्यांची दारं पाण्याकडे, पण पाणी दूर. एका झोपडीच्या पायरीवर एक म्हातारा जाळं विणत होता. मुलीने विचारून सांगितलं, त्याच्या आजोबांच्या वेळी होडी सरळ झोपडीत शिरायची.

“मंग आता?” पत्नीने विचारलं.

“आता खाली नवीन बांधली. नातवंडं आणखी खाली बांधतील,” म्हातारा म्हणाला.

पत्नीने मान हलवली. “सांग त्यायले, तुमचा समुद्र पयते अन् आमची नदी मांगं लागते. आमी वर वर बांधतो.” मुलीने ते कसंबसं त्याच्या भाषेत सांगितलं. म्हातारा हसला आणि त्याने तिला खारवलेला मासा देऊ केला. डबा उघडल्याबरोबर तिने नाकाला पदर लावला. “अगं माय, ह्याच्यापुढं आपली सुकट म्हन्जे अत्तर!”

निघताना ती पाण्याकाठी बसली आणि पायाखाली एक गोटा घासून पाहू लागली. लग्नानंतर तिने दरवर्षी स्वतः धानाची रोवणी केली होती. मास्तराची बायको म्हणून ती कधी बांधावर छत्री घेऊन उभी राहिली नाही. तिच्या टाचांना खोल भेगा होत्या. “हा बरोबर हाय,” ती म्हणाली. गुळगुळीत बाजू मुठीत बसत होती आणि खरबरीत बाजू टाचेला लागत होती. मी मनात म्हटलं, अख्खं बेट हिने हातात धरलं आहे. तिला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, “तुमचा भूगोल राहू द्या, बॅग उचला.”

हे सगळं मी त्या सकाळी कपडा बाजूला करून आठवत बसलो होतो. पुतण्या चहा घेऊन आला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून थबकला.

“काय झालं, काकाजी?”

मी गोटा कुठला ते सांगितलं. तो डोक्याला हात लावून खाली बसला. “मले काय माहीत जी! पूर्ण आंगन पाहलं, एक गोटा नाई. न्हाणीत हाच भेटला.” मग हळूच म्हणाला, “तुमाले ठेवाचा असन तं बदलून टाकू न. दुसरा एखादा कपड्यात बांधून ठेवतो. कोनाले समजते?”

दारात पत्नीची मोठी बहीण उभी होती. लाखांदूरकडून पहिल्या बसने आदल्या दिवशीच आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“जीव म्हन्जे काय लाखांदूरची बस हाय?” ती म्हणाली. “ह्याच्यात जागा नाई भेटली तं दुसरीत बसन?”

पुतण्याला हसू आलं. सुतकाच्या घरात हसू नये म्हणून तो कप घेऊन आत पळाला. ती माझ्यासमोर खाली बसली. “जवाईबापू, तुमी शिकलेले. तुमी मानत नसान. पन बदलू नोका. सुटली न बापा माही बहीन. आता तिले पुरी सुटू द्या.”

सुटली. आलेला प्रत्येक माणूस तोच शब्द बोलत होता आणि तो मला दर वेळी टोचत होता, कारण तो खरा होता. शेवटची दोन वर्षं तिची फुप्फुसं कडक होत गेली. घरात हवा देणारं यंत्र आलं. त्याची घरघर दिवसरात्र चाले. वीज गेली की मी असेन तिथून धावायचो आणि सिलिंडरची नळी जोडायचो. बाजारात भाजी घेताना दुकानातला पंखा थांबला तरी मी पिशवी टाकून घराकडे निघायचो. ती गेल्यावर यंत्र बंद केलं, तेव्हा कळलं की आमच्या ओसरीवर चिमण्यांचं घरटं आहे. त्या आवाजाने मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. मी अर्धा उठलो, हात पुढे गेला. मग परत बसलो. ओसरीवरची माणसं बोलत राहिली. माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मेहुणीला मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. पण ती बोलली त्याच संध्याकाळी, दुसऱ्याच दिवशी, उजेड असतानाच गोटा शोधायला बाहेर पडलो. रस्त्यावरची गिट्टी डांबराने काळी, ती घ्यावीशी वाटेना. बांध्यांमधून चाललो, पाय रुतत होते, हाताला काही लागत नव्हतं. शेवटी तलावाच्या पाळीवर आलो. पाळीला आतून दगडांचा थर असतो, पाण्याने माती खाऊ नये म्हणून. मी वाकून एक गोटा हलवला, आणि पत्नीचं बोलणं आठवलं. तिच्या माहेरी तलाव मोठा. लहानपणी तिच्या आज्याने तिला दटावलं होतं आणि तिने पुढे आमच्या मुलीला दटावलं: पाळीचा गोटा हलवू नये, एक हलला का पानी वाट शोधते. मी तो परत घट्ट बसवला, टाचेने दाबला आणि रिकाम्या हाताने घरी आलो.

मुलगी पोहोचली तेव्हा दहावा दोन दिवसांवर आला होता. प्रवासाच्या कपड्यांतच ती दिव्यासमोर बसली. कपडा उचलून तिने पाहिलं आणि कोणी काही सांगायच्या आत ओळखलं.

“हा इथं कसा?”

पुतण्याने पुन्हा सगळं सांगितलं, पुन्हा डोक्याला हात लावला. मुलीने कपडा परत गोट्यावर नीट घातला. मग म्हणाली, “बाबा, मी ह्याला परत घेऊन जाऊ? त्याच किनाऱ्यावर ठेवीन. जिथून तिनं उचलला तिथंच.”

“तिकडं कोन हाय तिचं?” मावशीने विचारलं.

“मी आहे ना, मावशी.”

 मावशीने मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतून हात फिरवू लागली. मी तिथून उठलो. आता तीन वाटा झाल्या होत्या, आणि मला मात्र एकच हवी होती: गोटा न्हाणीत, बादलीच्या मागे, त्याच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे स्वयंपाकात होते. ती गेल्यावर मी गोटा पहिल्यांदाच हातात घेतला. गुळगुळीत बाजू मुठीत बसली. खरबरीत बाजूवर बोट फिरवलं. इतकी वर्षं घासून तो जराही झिजला नव्हता. झिजल्या होत्या तिच्या टाचा.

आणि शेवटी त्याही झिजायच्या थांबल्या होत्या. अंथरुणाला खिळल्यावर तिचे पाय लहान मुलासारखे मऊ झाले. तरी मी दर रविवारी कोमट पाण्याचं भांडं आणि हा गोटा घेऊन तिच्या पायथ्याशी बसायचो. सवय म्हणून, काहीतरी करायला हवं म्हणून. एकदा ती धापा टाकत हसली आणि म्हणाली, “कायले घासता जी आता? कुठं जाऊन राहिली मी?” त्यानंतर गोटा न्हाणीत गेला तो तिथेच राहिला. दीड वर्ष त्याला कोणी हात लावला नव्हता.

हातातल्या गोट्याकडे पाहताना तिचा तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. आता ती खरोखर कुठेतरी निघाली होती. जाताना माणूस पाय धुऊन, टाचा घासूनच निघतो. तिचं सामान मी न्हाणीत दडवून ठेवायला निघालो होतो.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. “गोटा तोच राहील,” मी म्हणालो. “नदीतच सोडू.” मुलीकडे पाहिलं. ती कणीक मळत होती. ओल्या हाताच्या पाठीने तिने डोळे पुसले आणि मान हलवली. मावशी म्हणाली, “मंग मीठ टाका कोनी भाजीत, सगळे जन पाहतच बसले.”

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. सगळे विधी काठावर झाले, पण काठाचं पाणी उथळ आणि गढूळ होतं. पुतण्याने नदीवर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या ढिवराचा डोंगा सांगितला. डोंग्यात मी, मुलगी आणि पुतण्या बसलो. मावशी काठावर थांबली. तिला पाण्याची भीती वाटते. ढिवराने बांबू टेकवत डोंगा आत नेला आणि एका जागी थांबवला. “इथं खाली जुना घाट हाय, गुरुजी. बांबू पायरीले लागते.”

त्याने बांबू आपटून दाखवला. खालून कठीण आवाज आला. इतक्या दिवसांत या गावात ऐकलेला तो पहिला दगडाचा आवाज.

मी कपडा सोडला. मुलीने गोट्यावर हात ठेवला, मग मी हात पालथा केला. थोडंसं पाणी उडालं. वर्तुळं डोंग्यापर्यंत आली आणि विरली. वरून नदीवरचा एक सुरय पक्षी पाण्याकडे पाहत गेला. तसेच लांब पंखांचे पक्षी त्या बेटावर आमच्या डोक्यावरून ओरडत फिरले होते.

डोंगा वळला तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, समजा पुढे कधीतरी हे पाणी आटलं. तुमच्यासारखाच कोणीतरी इथे येईल. सगळीकडे चिखल, घाटाचे दगड, आणि मध्येच हा एक तांबूस, भलताच.”

“डोकं खाजवेल,” मी म्हणालो. “मग लिहील, बर्फ वैनगंगेपर्यंत आला होता.”

“आणि आई म्हणेल—”

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, “मंग वापस न्याले नाई आला?”

मला हसू आलं, आणि आलं ते थांबेना. मुलगीही हसत होती, रडतही होती. पुतण्या बिचारा आळीपाळीने दोघांकडे पाहत होता आणि ढिवराने बांबू थांबवला होता. काठावरून मावशीचा आवाज आला, “अवो, काय झालं? कायले हासून राहिले तुमी?”

काठावर उतरल्यावर मुलीने तिला त्या धोंड्याची सगळी गोष्ट सांगितली. मावशीने ती नीट ऐकून घेतली. “अशीच होती थे,” ती म्हणाली. “लहानपनी बी अशीच.” आणि चप्पल शोधू लागली.

घरी आलो. आंघोळी झाल्या. न्हाणीत बादलीच्या मागे फरशीवर गोट्याचा काळपट वर्तुळाकार डाग आहे, तो मी पाहिला आणि त्यावर पाणी ओतलं. पुतण्याच्या बायकोने मला ओसरीवर चहा आणून दिला. तेवढ्यात वीज गेली. पंखा दोन-चार फेरे मारून थांबला आणि घरट्यातल्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या. चहा गरम होता. मी तो बसून प्यायलो.